बिनकाठीची पारी

गेल्या वर्षी मोहाची फुलं पडायची संपली तेव्हापासून मला एकच पाहिजे होतं. माझी बायको ज्या झाडाखाली गेली, त्या झाडापाशी त्या माणसाला उभं करायचं. हातात काठी, तोंड जंगलाकडे. भीतीनं त्याच्या अंगाला फुटलेला घाम मला पाहायचा होता. लोक म्हणाले, तुमचं वय झालं, देवाचं नाव घ्या आता. देवाचं नाव मी त्याच्याच तोंडून पोटभर ऐकलं आहे.

तो कोण ते आधी सांगतो. तो आमच्याच ढिवर बिरादरीचा, माझ्याहून दहा वर्षांनी लहान. गावच्या तलावात आम्ही दोघांनी एका डोंग्यावर तीस वर्षं मासोळी मारली. तो मागे बांबू मारायचा, मी पुढे जाळं फेकायचो. जाळं फेकणाऱ्याची पाठ बांबूवाल्याकडे असते. त्यानं डोंगा नीट धरला नाही तर फेकणारा जाळ्यासकट पाण्यात जातो. तीस वर्षांत मी एकदाही पाण्यात गेलो नाही. खरं आहे म्हणून लिहितो, त्याची तारीफ म्हणून नाही.

मग त्याची बायको फार बिमार पडली. आज जाते का उद्या जाते असं झालं. ती वाचली, आणि हा कुठल्या महाराजाकडे जाऊन दीक्षा घेऊन आला. गळ्यात पांढरा दोरा. जाळं सोडलं, मासोळी सोडली. काठी नाही, कुऱ्हाड नाही, गळसुद्धा हातात धरायचा नाही. कोणत्या जिवाला मारायचं नाही आणि मारायची भीतीही दाखवायची नाही. बैलाला तुतारीच्या काठीची आर टोचायची नाही, म्हणून त्याचे बैल भर रस्त्यात उभे राहायचे आणि मागून ट्रॅक्टरवाले शिव्या घालायचे. तो शिव्या ऐकून घ्यायचा आणि बैलाला म्हणायचा, "चाल बाप्पा, लोकायले उशीर होऊन राह्यला."

मी डोंगा एकटाच हाकू लागलो. राग आला होता, पण तेव्हाचा राग साधा होता.

आमच्या गावात मोह वेचायला बायाच जातात. प्रत्येक घराची झाडं ठरलेली असतात. झाडाखालचा पाला झाडून जागा साफ करायची आणि मग दिवस उगवला की वाकून फुलं वेचायची. वाकलेलं माणूस वाघाला माणूस वाटत नाही, चार पायांचं जनावर वाटतं. आमच्याकडच्या दोन बाया अशाच गेल्या होत्या. म्हणून ग्रामसभेनं ठराव केला. होळीपासून मोह संपेपर्यंत प्रत्येक घरानं पारीपारीनं एक माणूस द्यायचा. रोज सहा माणसं, सहा जागा. बायांकडे पाठ, जंगलाकडे तोंड, हातात काठी. पहिल्यानं "हो" म्हणायचं, मग दुसऱ्यानं, असं सहाव्यापर्यंत जायचं आणि परत पहिल्यापासून. एखादा हो गळला की बायांनी टोपल्या टाकून मधल्या शेतात जमा व्हायचं. ज्या घरचा माणूस येणार नाही, त्या घरच्या बाईला मोह वेचू द्यायचा नाही. सक्ती म्हणजे सक्ती. म्हाताऱ्यालाही सोडलं नाही, मलाही नाही, आणि मी सूट मागितलीही नव्हती.

तो मागायला आला. गेल्या वर्षी, होळीच्या आधीच्या सभेत हात जोडून उभा झाला. म्हणाला, "मी काठी धरू शकत नाई. मायी दीक्षा मोडते. दुसरं कोणतंही काम सांगा, करतो."

"अन् वाघ आला तं?" एकानं विचारलं. "त्याले पंगतीले बसवतो का?"

"मच्छर मारते का नाई, ते इचारा आधी!"

"मच्छर बी नाई मारत," तो म्हणाला. "हाकलतो."

"हाकलतो म्हंजे भीती दाखवतोच नं, लेका!"

सभा हसली. तोही हसला. मग शाळेचे गुरुजी उभे झाले. ते शिकलेले, बाहेरचं वाचणारे. ते म्हणाले, जगात काही देश असे आहेत की पोरगा मोठा झाला की त्याला फौजेत जावंच लागतं, कायदाच आहे. पण ज्याच्या धर्मात शस्त्र धरणं बसत नाही त्याला सरकार सूट देतं. त्याच्या बदल्यात दवाखान्यात किंवा कुठे दुसरी सेवा करून घेतं. एवढी मोठी सरकारं माणसाचा धर्म मोडत नाहीत, तर आपण कशाला मोडायचा?

आता पुढचं लिहायला मला जड जातं. त्याच्या बाजूनं मी उभा झालो.

त्या दुपारी घरी बायको मासोळी साफ करत बसली होती. त्याची बायको तिची मैत्रीण. मला म्हणाली, "त्याचा धरम मोडून आपल्याले का भेटन? देवाचाच माणूस हाय, देवाचंच काम द्या म्हणा त्याले." मी हो म्हटलं होतं. तिचं म्हणणं मी क्वचितच मोडलं. सभेत मी म्हणालो, "काठी नाई धरत तं नको धरू दे. मोहाच्या टायमाले देवळात बसून सगळ्या गावासाठी नाम घेऊ दे. भोंग्यावर. बायायच्या कानावर बी पडन, धीर येईन." सगळ्यांना पटलं. ठरावाच्या वहीत लिहिलं गेलं. धार्मिक कारणानं काठीच्या पारीतून सूट, बदल्यात नामस्मरण. सुचवणाऱ्याची सही माझी आहे. आजही वहीत आहे.

दुसऱ्या दिवशी मारुतीच्या देवळावर चढून भोंग्याचं तोंड जंगलाकडे करून मीच बांधलं.

ज्या दिवशी त्याच्या घराची पारी असायची, त्या दिवशी पाचच माणसं उभी राहायची. त्याच्या जागेवर कोणाला ठेवायचं हे सभेत कोणी विचारलं नाही, मीही नाही. चौथी जागा मोकळी राहायची आणि आजूबाजूचे थोडे थोडे सरकून घ्यायचे. वरून भोंगा. त्याचा आवाज चांगला होता, ते खोटं बोलणार नाही. बाया म्हणायच्या, बेस वाटते, भीती वाटत नाही. पण त्या आवाजात आमचा हो पुढच्याला ऐकू जाईना. मग आम्ही आपापल्या अंदाजानं हो म्हणू लागलो. मागच्यानं म्हटला असेल, पुढचा म्हणेल, असा हिशोब. एवढी मोठी चूक पाच बुढ्या-जवान माणसांनी मिळून केली आणि कोणालाच ती चूक वाटली नाही. देवाचं नाव चालू होतं ना.

त्या दिवशी मी तिसऱ्या जागेवर होतो. चौथी मोकळी. माझ्या बायकोचं झाड चौथ्या जागेच्या मागं, नाल्याकडून दुसरं. माझ्यापासून पंचवीस पावलं, जास्त नाही. मी पाठ करून उभा होतो. भोंग्यावर भजन लागलं होतं आणि मी काठीनं जमिनीवर ठेका धरला होता. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. आता लिहितो.

शेजारची बाई ओरडली. मला ती ऐकू आली नाही. ती धावत येऊन माझा सदरा ओढू लागली तेव्हा मी वळलो. टोपली उभीच होती, फुलांनी अर्धी भरलेली. माझी बायको नव्हती.

आम्ही नाल्यात गेलो. वाघानं तिला फार दूर नेलं नव्हतं, आमच्या ओरडण्यानं टाकून गेला. काय पाहिलं ते लिहीत नाही. खाटेवर टाकून तिला गावाकडे आणलं तेव्हा भोंगा चालूच होता. त्याला कोणी सांगायला गेलं नव्हतं. तिला देवळासमोरून नेलं आणि तो आत डोळे मिटून गात होता, सगळ्या गावाच्या रक्षणासाठी.

तेरवीला तो आला. दारात उभा राहिला, आत नाही आला. ती गेली त्या दिवसापासून त्यानं भोंग्याला हात लावला नव्हता.

"भाऊ, मले माफ करा."

"काठी घेतोस का हातात?"

त्यानं दोन्ही मोकळे हात जोडले.

"मंग चालता हो. तुया देवाले माफी माग. तो बसला हाय तुयासाठी रिकामा."

वर्षभर मी त्याला सुखानं राहू दिलं नाही. रोज तलावावरून आलो की मी मासोळी माझ्या अंगणात साफ करायचो नाही. त्याच्या फाटकासमोर रस्त्याच्या कडेला बसायचो. खवले, आतडी, रक्त, सगळं तिथंच. रस्ता सरकारचा आहे, मला कोणी उठवू शकत नव्हतं. वासानं कुत्री जमायची. तो बाहेर यायचा, हात जोडायचा आणि बाजूनं निघून जायचा. मी उठलो की त्याची बायको बादली घेऊन यायची आणि एक शब्द न बोलता रस्ता धुवायची. माझी बायको असती तर तिनं मला घरात घेतलं नसतं, हे मला माहीत होतं. तरी मी बसायचो. उलट ते आठवलं की जास्त वेळ बसायचो.

घरोघरी गेलो. प्रत्येकाला सांगितलं की यंदाच्या सभेत सूट रद्द करायची. काही लोक हो म्हणाले, काहींनी चहा पाजून विषय बदलला. ज्यांच्या घरच्या बाया मोहाला जातात ते हो म्हणाले.

यंदाची सभा भरली. मी आधीच उभा झालो. "सूट रद्द करा. नाई तं माया घरचा माणूस बी येनार नाई." एकानं हळूच म्हटलं, "भाऊ, तुमच्या घरचा माणूस म्हंजे तुमीच." मी म्हणालो, "हाओ, मीच. एकच उरला."

गुरुजी म्हणाले, "तुमचं दुःख आम्ही समजतो. पण कोणाचा धर्म असा जबरदस्तीनं..."

"गुरुजी, तुमी मांगच्या साली फौजेची गोष्ट सांगितली. त्या देशात ज्याले सूट भेटते, त्याच्या जागेवर कोण उभा राह्यते?"

गुरुजींनी चष्मा काढला, पुसला. म्हणाले, "दुसऱ्या कोणाचं तरी पोरगं."

"कोणाचं?"

"ते... ज्याला सूट नाही, त्याचं."

"अन् ते मेलं तं? सूटवाला त्याच्या मायबापाले का सांगते?"

गुरुजी खाली बसले. मला बरं वाटलं. वर्षभरात पहिल्यांदा बरं वाटलं.

तेव्हा तो उभा झाला. मागे, भिंतीजवळ. "सूट रद्द करा," तो म्हणाला. "मी उभा राह्यतो. चौथ्या जागेवर. पन काठी नाई धरनार."

गोंधळ झाला. बिनकाठीचा माणूस काय कामाचा, कोणी म्हणालं. "वाघासमोर हात जोडतो का बे?" दुसरा म्हणाला, "राहू द्या, डोळे तं हायेत नं. हो तं म्हनन." त्याची बायको बायांमध्ये बसली होती. तिनं पदर तोंडाला लावला.

मी म्हणालो, "चालते. बिनकाठीचा चालते. पन त्याच्या बाजूले, तिसऱ्या जागेवर, मी राहीन. रोज. दुसऱ्यायची पारी बी मीच करतो. अन् त्याने बी रोज यावं."

तो म्हणाला, "येतो."

वहीत लिहिलं. या वेळीही सही माझीच.

पहिल्या दिवशी तो आला. पांढरा सदरा, पांढरं धोतर, दोन्ही हात मोकळे. तिच्या झाडासमोर उभा झाला. मी तिसऱ्या जागेवरून त्याला पाहत होतो. खरं म्हणजे मला जंगलाकडे पाहायचं होतं, पण मी त्याच्याकडेच पाहायचो. माझा हो झाला की त्याचा हो यायचा, थोडा कापरा, पण वेळेवर. तीन दिवस असं चाललं. मनात मी वाघाला बोलावत होतो. हे पाप आहे, मला समजतं. मागे बाया होत्या, त्याची बायकोही होती. त्यांना सोडून फक्त त्याला ने, असं मी वाघाला सांगत होतो. वाघ जसा माझा नोकर.

वाघ आला नाही. चौथ्या दिवशी मी ठरवलं, भीती तरी मीच देतो.

पहिल्याचा हो आला. दुसऱ्याचा आला. माझी पाळी होती. मी कुड्याच्या झुडपामागं सरकलो, खाली बसलो आणि हो म्हटला नाही.

जंगल एकदम गप वाटलं. मला त्याला पळताना पाहायचं होतं. पळाला असता तर आयुष्यभर मी गावाला सांगितलं असतं की देवाचा माणूस कसा धोतर सावरत पळाला. मागं बाया ओरडल्या, टोपल्या पडल्याचा आवाज आला, सगळ्या शेताकडे धावल्या. आणि तो पळाला. पण शेताकडे नाही. माझ्याकडे.

"भाऊ! भाऊ!"

मोकळ्या हातानं तो झुडपं बाजूला करत आत घुसला. काट्यांनी सदरा फाटला. वाघ मला नेत असेल असं समजूनच तो आला होता, दुसरं काही समजायचं कारणच नव्हतं. झुडूप हटवलं आणि मी समोर बसलेला दिसलो, काठी मांडीवर घेऊन.

तो थांबला. तोंडावरून घाम टपकत होता. मला जो पाहायचा होता, तोच.

"लागलं का, भाऊ?"

"नाई."

"मंग हो काऊन नाई म्हटला?"

"नाई म्हटला."

त्याला समजलं. तो खाली बसला, माझ्यापासून हातभर अंतरावर. बराच वेळ दम खात राहिला. मग म्हणाला, "बाया भ्याल्या असतीन. चाला."

मी उठलो नाही. तोच गेला.

धावताना शेजारची म्हातारी बांधावरून पडली आणि तिचा हात मोडला. तिला सिंदेवाहीच्या दवाखान्यात न्यावं लागलं. जिनं मागच्या वर्षी माझा सदरा ओढला होता, तीच ही बाई. संध्याकाळी मी तिच्या घरी गेलो. हात गळ्यात बांधून ती खाटेवर बसली होती.

"वाघ होता का, भाऊजी?" तिनं विचारलं.

खोटं बोलता आलं असतं. तो कोणाला काही सांगणार नव्हता, मला माहीत होतं. "नाई," मी म्हणालो. "मीच हो खाल्ला."

"काऊन?"

"त्याले भेव दाखवाले."

तिनं गळ्यातली पट्टी सावरली. मग म्हणाली, "आमी तुमच्या भरवशावर पाठ करून वाकतो, भाऊजी. त्याच्या अन् तुमच्या झगड्यात आमची पाठ काऊन टाकता? उद्यापासून तुमी नका येऊ. तुमी मांगं असान तं मी येनार नाई. कोनतीच बाई येनार नाई."

दुसऱ्या दिवशी सभा बोलावली गेली, माझ्यासाठी. मी तलावावर गेलो नाही, सभेत जाऊन बसलो. बायाच बोलल्या. पुरुष माणसं खाली पाहत होती. ठरलं की मला पारीतून काढायचं. गुरुजींनी वही उघडली आणि विचारलं, कारण काय लिहू? कोणी म्हणालं, वय. कोणी म्हणालं, दुःख लिहा. मी म्हणालो, "हो खाल्ला, असं लिहा." गुरुजींनी तसं लिहिलं नाही. वयोमानानुसार सूट, असं लिहिलं.

मग प्रश्न आला. नियमाप्रमाणे प्रत्येक घरानं माणूस द्यायचा. माझ्या घरी दुसरं कोणी नाही.

"त्यायची पारी मी करतो," तो म्हणाला.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी नको म्हणावं, असं त्यांना वाटत असावं. एवढं झाल्यावर माणूस नको म्हणतो. तो स्वतःही माझ्याकडे पाहत होता. मी वही ओढून घेतली आणि सही केली.

आता मोह अजून पडतो आहे. रोज उभं राहायची अट माझ्यासोबतच मोडली. त्याची पारी असते त्या दिवशी तो उभा राहतो आणि माझी असते त्या दिवशीही तोच राहतो, मोकळ्या हातानं. मी रोज तलावावर जातो. मासोळी आता घरीच साफ करतो, कारण रस्त्यावर बसायला पाय नेत नाहीत. माफी मी त्याला दिलेली नाही. त्यानंही परत मागितली नाही. माझ्या घरची पारी त्याच्याकडून काढून दुसऱ्याला द्यावी का, असं गुरुजींनी परवा मला विचारलं. मी म्हटलं, "काऊन? करू दे त्याले." मोह संपेपर्यंत करू दे. पुढच्या वर्षीही करू दे.